नावाला ओ देणारी भाषा

फोरट्रान किंवा सी या भाषांत प्रोग्रॅमरने ठेवलेली नावे साधारणपणे कंपायलरपर्यंतच जगतात. प्रोग्रॅम चालू लागला की उरतात ते मेमरीतले पत्ते. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पने (1958) मात्र नावे चालत्या प्रोग्रॅममध्येही जपली. कोणते फंक्शन बोलवायचे हे ऐनवेळी, नुसत्या नावावरून ठरवता येऊ लागले. पुढे स्मॉलटॉकने ही सोय उचलली आणि पर्ल (1987), पायथन (1991), रूबी, पीएचपी (1995) या स्क्रिप्ट भाषांत ती अंगवळणी पडली.

लातूरच्या बाजाराचा हिशेब घ्या. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे दर काढणारी वेगवेगळी फंक्शने असली, की ‘तूर असेल तर हे, हरभरा असेल तर ते’ अशी जर-तरची उतरंड रचावी लागते. पायथनमध्ये फॉर्ममधून आलेला शब्द ‘दर_’ला जोडायचा आणि तयार झालेले ‘दर_तूर’ हे नाव गेटअ‍ॅटर या तयार फंक्शनला द्यायचे. मॉड्यूलमधले त्या नावाचे फंक्शन हाती येते. 2008च्या पायथन 3पासून अशी देवनागरी नावेही चालतात. त्यात एक खास मराठी गोम आहे. ‘शेतकऱ्याचा’ मधला ‘ऱ’ एका युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, तसा ‘र’ला नुक्ता जोडूनही. कोडमधली नावे पायथन एकाच रूपात आणतो, गेटअ‍ॅटरला दिलेला मजकूर आणत नाही. दिसायला नाव तेच, पण सापडत नाही!

पीएचपीने तर सैलपणाची हद्दच केली होती. वेब-पत्त्यात कोणीही लिहिलेले नाव थेट प्रोग्रॅममधले व्हेरिएबल बनत असे. 2002मध्ये ही सोय मुळात बंद ठेवली गेली, 2012मध्ये काढूनच टाकली. पर्लने 1994च्या पाचव्या आवृत्तीतच ‘यूज स्ट्रिक्ट’चा लगाम दिला होता.

नाव बदलले की दुसरी अडचण उभी राहते. लातूर जिल्हा 1982मध्ये ज्या उस्मानाबादेतून निघाला, त्याचे 2023मध्ये धाराशिव झाले. या जिल्ह्याच्या नावाचे फंक्शन असेल, तर ते नाव बदलताना एडिटर फंक्शनचे थेट उल्लेख बदलून देतो. अवतरणातले ‘उस्मानाबाद’ त्याला साधा मजकूर वाटते. चूक उघडी पडते ती प्रोग्रॅम त्या ओळीवर पोचल्यावरच. म्हणून जाणते प्रोग्रॅमर नाव आणि फंक्शन यांच्या जोड्या डिक्शनरीत लिहून ठेवतात; त्या यादीत नसलेल्या नावाला ओ मिळत नाही.