'खूप वेळ' म्हणजे नेमका किती वेळ?

काल रात्री हिशेबाचा एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ येते का, असं तपासणारी एक ओळ होती. लिंटरने तिच्याखाली पिवळी रेघ मारली. लिंटर म्हणजे कोड चालवण्याआधीच त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्राम. पहिला 'लिंट' १९७८ मध्ये बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सन यांनी लिहिला. माझ्या लिंटरचं म्हणणं: फ्लोटिंग पॉइंट संख्या थेट समान आहेत का ते बघू नका, दोघींतला फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे का ते बघा.

कारण साधं आहे. एक तृतीयांश दशांशात लिहायला घेतला तर ०.३३३... संपतच नाही. संगणक फक्त ० आणि १ मध्ये मोजतो, त्याच्यासाठी एक दशांशाचं तसंच होतं. कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलं की चिमूटभर चूक उरते.

ही चिमूट किती महागात पडते, ते १९९१ च्या आखाती युद्धात दिसलं.

अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजायचं. त्याचे सेकंद करताना ०.१ ही संख्या २४ बिटांत बसवून पुढचं तोडलेलं होतं. दर ठोक्याला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. पण यंत्रणा १०० तास सलग चालली, की ठोके झाले ३६ लाख आणि चूक झाली ०.३४ सेकंद. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

२५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये हेच घडलं. रडारने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, पॅट्रियट सुटलंच नाही. स्कड बराकीवर पडलं. २८ अमेरिकन सैनिक गेले.

आता खरी बोचणारी गोष्ट. चूक कुणाला माहीतच नव्हती असं नाही. इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच माहिती आली होती: आठ तास सलग चालवलं की नेम सरकतो. २१ फेब्रुवारीला सैन्याला संदेशही गेला की 'खूप वेळ' यंत्रणा चालू ठेवल्यास अडचण येऊ शकते. खूप वेळ म्हणजे किती, हे मात्र त्यात लिहिलं नव्हतं. इतका वेळ कोण चालवणार, असं वरच्यांनी गृहीत धरलं. यंत्रणा बंद करून परत चालू केली असती तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं असतं. त्याला एक-दीड मिनिट लागतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला. एक दिवस उशिरा.

माझा लिंटर तिथे असता तर ही चूक पकडली असती, असा माझा दावा नाही. तिथे समानतेची तपासणी नव्हती, साचत गेलेली चूक होती. पण त्याची एक सवय मला आवडते. कुठली ओळ, काय बिघडेल, काय करा, हे तो नेमकं सांगतो. 'काळजी घ्या' एवढंच सांगून हात झटकत नाही.

आपल्याकडे पूर, पूल, औषधं, वीज या सगळ्यांबद्दल सूचना निघत असतात. सूचना निघाली का, एवढं विचारून थांबू नका. तिच्यात आकडा होता का, तेही विचारा.

ती पिवळी रेघ मी रात्रीच दुरुस्त केली.