७७७ देऊनही नकार : एका कुलपाचा इतिहास

धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी भेटलेला हा प्रसंग. आपल्या होम डिरेक्टरीत संकेतस्थळाचे एक पान तयार केले आणि ते वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवले. मालक, गट, इतर हे तिन्ही रकाने तपासले. वाचण्याची मुभा सर्वांना आहे. तरीही ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे प्रवेश निषिद्ध. चिडून फाइलला ७७७ देऊन टाकले : कोणीही यावे, वाचावे, लिहावे. ४०३ कायम! हा नकार देतो तरी कोण? त्याचा माग काढत गेले की आपण शीतयुद्धकालीन अमेरिकी हवाई दलाच्या दारात पोहोचतो.

१९६० च्या दशकात एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत रुजू लागली. तोवर संगणक कुलूपबंद खोलीत ठेवला की गोपनीयतेचा प्रश्न मिटत असे. आता अतिगोपनीय कागद आणि साधे हिशेब एकाच यंत्राच्या पोटात नांदू लागले. १९७० मध्ये रँड संस्थेतील विलिस वेअर यांच्या समितीने संरक्षण खात्याला स्पष्ट सांगितले, की उपलब्ध तंत्राच्या बळावर अशी सर्वांसाठी खुली यंत्रणा सुरक्षित राखता येणार नाही.

खरी मेख कोठे होती, ते १९७२ मध्ये हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या अहवालात दिसते. धोका केवळ बाहेरच्या चोराचा नव्हता. समजा, एका सेनाधिकाऱ्याने एक उपयुक्त वाटणारा प्रोग्रॅम चालवला. तो प्रोग्रॅम त्या अधिकाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालतो. त्याच्या आत कोणी लबाडी दडवली असेल, तर अधिकाऱ्याच्या गुप्त फाइली वाचून त्यांची प्रत तो गुपचूप दुसऱ्याच्या हाती ठेवू शकतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? या फसवणुकीला त्या अहवालात ग्रीक कथेतल्या ट्रॉयच्या घोड्याचे नाव आहे, आणि ते आजही टिकून आहे.

आता युनिक्सकडे पाहा. १९६९ पासून बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीत फाइल कोणाला दाखवायची हे तिचा मालक ठरवतो, आणि 'रूट' या सर्वाधिकाऱ्याला कोणी अडवत नाही. व्यवस्था सुटसुटीत, म्हणूनच लोकप्रिय. पण घोड्यापुढे ती हतबल आहे, कारण मालकाची मर्जी आणि मालकाच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमची मर्जी यांतला भेद तिला कळत नाही.

यावरचे उत्तर १९७३ मध्ये मायटर संस्थेतील डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी गणिताच्या भाषेत मांडले. आपल्याहून वरच्या दर्जाचे वाचायचे नाही, हा पहिला नियम कोणालाही पटेल. दुसरा मात्र विलक्षण आहे : आपल्याहून खालच्या दर्जाच्या ठिकाणी लिहायचेही नाही. त्यामुळे घोडा आत शिरला तरी चोरलेला माल खाली उतरवू शकत नाही. हे नियम प्रणाली लादते, मालकाला ते शिथिल करता येत नाहीत. म्हणून हे 'अनिवार्य' नियंत्रण.

१९८३ मध्ये संरक्षण खात्याच्या 'ऑरेंज बुक'ने वरच्या श्रेणींसाठी अशा नियंत्रणाची अट घातली. परंतु लष्करी दर्जांची ही उतरंड बँकेला किंवा विद्यापीठाला काय कामाची? १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी निराळा मार्ग दाखवला : दर्जाऐवजी प्रत्येक प्रोग्रॅमला आणि फाइलला प्रकाराची खूणचिठ्ठी द्यावी, आणि कोणत्या चिठ्ठीने कोणत्या चिठ्ठीला हात लावावा याचे कोष्टक ठेवावे. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच.

याच विचारातून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, युटा विद्यापीठ आणि सिक्युअर कम्प्युटिंग कंपनी यांच्या साथीने 'फ्लास्क' ही रचना उभी केली आणि डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स मुक्तपणे प्रसिद्ध केले. दुसऱ्यांची गुपिते ऐकणे हा जिचा व्यवसाय, तिने जगाला कुलूप फुकट वाटावे! संशय आलाच, पण कुलपाचा आतला भाग उघडून तपासायला सर्वांना मोकळा होता. लिनस टॉरव्हाल्ड्स यांना मात्र एकाच पद्धतीला बांधून घ्यायचे नव्हते. त्यांनी कोणतीही सुरक्षापद्धत जोडता येईल असा सामायिक सांधा मागितला. तो तयार झाला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमध्ये एसई-लिनक्स सामावले गेले.

मग सुरू झाली सामान्य व्यवस्थापकांची परवड. कडक नियमावलीखाली रोजची कामे इतकी अडू लागली, की मे २००४ च्या फेडोरा कोअर २ मध्ये ही यंत्रणा मुळातच बंद ठेवून द्यावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत ती चालू झाली, पण पहारा केवळ मोजक्या सेवांवर. तरीही काही अडले की 'सेटएनफोर्स ०' लिहून पहारेकऱ्याला झोपवायचे, ही सवय लागली ती लागलीच.

आता आपल्या ४०३ कडे. युनिक्सने परवानगी दिलेलीच होती. नकार दुसऱ्या पहाऱ्याचा होता, आणि त्याने कारणही नोंदवून ठेवले होते. 'व्हार'मधील 'लॉग'च्या 'ऑडिट' डिरेक्टरीत 'एव्हीसी डिनाइड' अशी ओळ सापडते : वेब सर्व्हरची चिठ्ठी, फाइलची चिठ्ठी आणि नाकारलेली कृती. 'एलएस'ला 'झेड' जोडून पाहिले की फाइलवर अजून घरगुती चिठ्ठी दिसते, कारण 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुनी चिठ्ठी सोबत नेते. 'सीपी'ने प्रत केली असती तर सहसा नव्या जागेची मिळाली असती. 'रीस्टोअरकॉन' चालवले की त्या जागेची योग्य चिठ्ठी बसते आणि पान उघडते. ७७७ ची गरज नव्हतीच; ते आठवणीने ६४४ वर आणावे. नोंदीवरून नवा नियम बनवून देणारे 'ऑडिट२अलाउ' हाताशी असते, पण ते मागितलेली प्रत्येक मुभा लिहून देते. मागणारा वेब सर्व्हर आहे की त्याच्या आत शिरलेला घोडा, हे ते विचारत नाही.