‘सुरक्षित’ शिशाची शंभर वर्षे

शिसे विषारी आहे, हा विसाव्या शतकाचा शोध नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांची फिकट कांती नोंदवली होती आणि पिण्याचे पाणी शिशाऐवजी मातीच्या नळांतून न्यावे, असा सल्ला दिला होता. तो फारसा कोणी मानला नाही. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, सहज वाकते, लवकर गंजत नाही आणि स्वस्त मिळते. इतका उपयुक्त धातू सोडवेना. म्हणून ‘शिसे घातक आहे का?’ यापेक्षा ‘किती शिसे चालेल?’ हाच प्रश्न अधिक विचारला गेला. शिशाचा आधुनिक इतिहास हा त्या ‘किती’चा इतिहास आहे.

1921 हे या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, वापरण्यावर निर्बंध घालणारा करार स्वीकारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड अल्प प्रमाणात मिसळल्यास इंजिनातील ठोके थांबतात. भिंतींवरून शिसे हटवण्याचे प्रयत्न होत असतानाच ते धुराड्यांतून हवेत सोडण्याचा मार्ग मोकळा झाला. हे मिश्रण ‘एथिल’ या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार दगावले. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत मिजली यांनी ते स्वतःच्या हातांवर ओतून आणि हुंगून दाखवले. वास्तविक, शिशाच्या विषबाधेमुळे त्यांना स्वतःलाच आदल्या वर्षी विश्रांती घ्यावी लागली होती. 1925 मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी या इंधनाला विरोध केला. तरीही 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढील चार दशके उद्योगाची बाजू मांडणारे डॉ. रॉबर्ट किहो यांचा युक्तिवाद असा होता : शिसे निसर्गतःच प्रत्येकाच्या शरीरात असते; रक्ताच्या दर डेसिलिटरमागे, म्हणजे 100 मिलिलिटरमागे, ते 80 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर अपाय होत नाही.

या युक्तिवादाला तडा गेला तो भूविज्ञानातून. क्लेअर पॅटरसन उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होते. परंतु प्रयोगशाळेतील धूळ, काचपात्रे, अगदी संशोधकाचे केससुद्धा नमुन्यात शिसे मिसळत. ते रोखण्यासाठी त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि 1956 मध्ये पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. मोजमापातील जो अडथळा त्यांनी दूर केला, तोच पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. 1965 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की किहो ज्याला ‘नैसर्गिक’ म्हणत होते ते प्रमाण केवळ ‘नेहमीचे’ होते. अमेरिकी माणसाच्या शरीरातील शिसे त्यांच्या गणिताप्रमाणे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट होते.

1979 मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत ते अधिक, त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने कमी आणि अवधान चंचल आढळले. यांपैकी कोणालाही विषबाधेचे निदान झालेले नव्हते. वरवर पाहता ही मुले निरोगी होती.

असे होण्याचे कारण शिशाच्या रसायनात आहे. शरीर त्याला परके मानत नाही. कॅल्शियमचे मार्ग वापरून ते हाडांत आणि चेतापेशींत शिरते. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या विकरातील जस्ताची जागा बळकावते. रक्तात त्याचे अर्धायुष्य सुमारे महिनाभर असते. हाडांत मात्र ते दशकानुदशके राहते आणि गरोदरपणी हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ सुमारे दहावा भाग शोषतात, तर लहान मुले जवळजवळ निम्मा.

पुरावा वाढत गेला, तशी मर्यादा उतरत गेली. मुलांच्या रक्तासाठी अमेरिकेतील दखलपात्र पातळी 1960 च्या दशकात 60 मायक्रोग्रॅम होती. ती 1970 मध्ये 40, 1975 मध्ये 30, 1985 मध्ये 25, 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये 3.5 झाली. प्रत्येक टप्प्यावर आधीचे ‘सुरक्षित’ मूल नंतर बाधित ठरले. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची आजची भूमिका आहे.

भारतात ही कथा उशिरा सुरू झाली. 1997 ते 1999 या काळात बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांत रक्ततपासणी केली, तेव्हा बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर आले. परिणाम रक्तात दिसला : 10 मायक्रोग्रॅमची पातळी गाठलेल्या मुलांचे प्रमाण मुंबईत 1997 मध्ये सुमारे 62 टक्के होते, ते 2002-03 मध्ये सुमारे 33 टक्क्यांवर उतरले. एका धोरणाने हे साधले.

पण उरलेल्या 33 टक्क्यांचे शिसे पेट्रोलमधले नव्हते. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमहून अधिक नसावे, हा नियम भारतात 2016 मध्ये झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. जिनिव्हाच्या करारानंतर 95 वर्षांनी. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या वस्त्यांलगत चालतात. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळले जाते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाई पाहणीत पाटण्याच्या नमुन्यांत त्याच्या खुणा सापडल्या. शेंदूरही परंपरेने शिशाच्याच ऑक्साइडचा. गंमत अशी, की शिसपेन्सिलीत तेवढे शिसे नसते. तेथे ग्रॅफाइट असते.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या 2020 च्या अहवालानुसार भारतातील सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असावे. हा आकडा मोजलेला नाही, अनुमानित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभर मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतले गेले आणि सहा महिने ते पाच वर्षे वयातील 67.1 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे कळले. शरीरात लोह कमी असले की आतडी शिसे अधिक शोषतात. शिवाय शिसे स्वतःच हिमोग्लोबिन घटवते. दोन्ही संकटे एकाच मुलावर येण्याचा संभव मोठा आहे. त्या थेंबात हिमोग्लोबिन मोजले गेले; शिशाची मोजणी त्यात नव्हती. पॅटरसन यांनी मोजेपर्यंत अमेरिकेतील ‘नेहमीचे’ शिसेही नैसर्गिकच समजले जात होते.