जुनी मोटार घरच्या घरी : आधी ब्रेक, शेवटी रंग

नांदेड आणि लातूरच्या जुन्या वस्त्यांत अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्री पांघरून उभी असलेली एखादी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी आजही दिसते. घरात आलेली पहिली मोटार म्हणून ती विकायला मन धजावत नाही आणि विकायला काढली, तर भंगाराच्या भावापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. सुटीच्या दिवशी थोडे थोडे काम करीत अशी मोटार मर्यादित खर्चात पुन्हा रस्त्यावर आणता येते. मात्र हा उद्योग फसतो तो बहुधा हातात कसब नसते म्हणून नव्हे, तर कामाचा क्रम चुकतो म्हणून. पहिला पैसा रंगावर, सीटकव्हरवर आणि म्युझिक सिस्टीमवर जातो. ब्रेक, पत्रा आणि कागदपत्रे यांची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. चकाकणारी पण वेळेवर न थांबणारी गाडी घेऊन कुटुंब महामार्गावर निघते. खरा धोका तेथे आहे.

कोणती मोटार हाती घ्यावी?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटची ११०० ही मोटार तयार होत असे. १९७० च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगलगत असलेला गिअरचा दांडा आणि चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची साधी रचना आहे. साध्या पान्यांनी काम शिकण्यास ती उत्तम. परंतु तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे पर्वही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. इंजिनाचे सुटे भाग खटपटीने मिळतात. काचा, दिवे, दरवाजांच्या पट्ट्या यांच्यासाठी मात्र कुर्ल्याच्या जुन्या बाजारापर्यंत हात पोहोचवावा लागतो.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले आहे. त्याच कुळातील इंजिन असलेली ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही तिचे भाग सहज मिळतात. पहिल्याच प्रयत्नासाठी आणि कमी खर्चासाठी मारुती ८०० हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. पद्मिनी ही हौसेची बाब आहे. तिला पैशापेक्षा सवड अधिक लागते.

पाना उचलण्यापूर्वी कागद

लातूरची एमएच-२४ असो की नांदेडची एमएच-२६, खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. त्यासाठी वाहन तपासणीला हजर करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो.

मुदत उलटल्यास दरमहा ५०० रुपये अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे. म्हणजे तीन वर्षे नोंदणीविना उभ्या असलेल्या गाडीवर केवळ विलंबाचेच १८,००० रुपये होतात. एखाद्या मारुती ८०० च्या संपूर्ण ब्रेक दुरुस्तीपेक्षाही ही रक्कम जड ठरू शकते. म्हणून आरसी बुक, त्यावरील इंजिन व चॅसी क्रमांक, थकीत कर, पूर्वीच्या कर्जाचा बोजा आणि मालकाचे नाव यांची खातरजमा आधी करावी. मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे हस्तांतर हे पहिले काम समजावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा क्रमांकपाटीही सक्तीची आहे. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी प्रमाणपत्राविना चाचणीसाठीसुद्धा गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

गंज किती खोल?

कागद ठीक असतील, तर पुढची परीक्षा पत्र्याची. पायाखालचे गालिचे आणि रबर काढून जमिनीचा पत्रा, दरवाजांखालच्या कडा, बॅटरीखालची जागा आणि डिकीचा तळ तपासावा. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला, तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा टोक आत घुसले, तर तेथे पत्रा कापून नवा जोडण्यावाचून इलाज नाही. भोकावर लांबी भरून रंग मारणे ही निव्वळ फसवणूक होय. पहिल्याच पावसाळ्यात ती उघडी पडते. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट ज्या ठिकाणी जोडलेले असतात, तेथील पत्रा गंजला असेल, तर वेल्डिंग अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. वरवरचा गंज मात्र घरीच तारेच्या ब्रशने खरवडून, फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक लावून व त्यावर झिंकयुक्त प्रायमर मारून थोपवता येतो.

थांबणे प्रथम

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत आधी निकामी होतात ते ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते; त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात व त्यांची रबरे फुगतात. रबराचे संच, लवचिक नळ्या आणि ब्रेक शू एकदम बदलावेत आणि जुने ऑइल पूर्ण काढून टाकावे. त्यानंतर दर दोन वर्षांनी ते बदलत राहावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. नाकाला मास्क बांधून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

टायरची नक्षी शिल्लक दिसते म्हणून तो चांगला, हा गैरसमज आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. उभ्या गाडीचे रबर उन्हाने तडकते. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा असा टायर भर वेगात फुटण्याचा संभव असतो. भेगा दिसल्या की टायर बदलावेत, स्टेपनीसह.

इंजिन आणि पाणी

बंद पडलेले इंजिन थेट स्टार्टर मारून चालू करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी हाताने इंजिन फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले, तर ऑइल, फिल्टर, प्लग आणि फॅनबेल्ट बदलून कॉम्प्रेशन मोजावे. सर्व सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर इंजिन उघडण्याचा मोठा खर्च वाचला असे समजावे. जुन्या इंजिनाला हात लावणे म्हणजे ते पूर्ण खोलणेच, असा अनेकांचा ग्रह असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा वॉल्वचे अंतर, कार्बोरेटरची सफाई आणि इग्निशनचे टायमिंग एवढ्यानेच काम भागते.

या भागातील इंजिनांचा खरा शत्रू उष्णता आणि त्याच्या जोडीला जड पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय जुनीच आहे. या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात आणि रेडिएटर तुंबतो. रेडिएटर धुऊन घ्यावा, होज पाइप बदलावेत व डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि इंजिन योग्य तापमानाला न पोहोचता पेट्रोल अधिक खाते.

उसाचे पेट्रोल

लातूर आणि नांदेड हे साखर कारखान्यांचे जिल्हे. उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल देशभरातील पंपांवर पोहोचले. जुन्या मोटारी या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरमधील वॉशर खराब करते, तसेच ओल खेचते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. त्यामुळे इथेनॉलला टिकणारी नळी, नवा फिल्टर आणि कार्बोरेटरचा नवा संच हा खर्च आता टाळता येण्यासारखा नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने मायलेजही थोडे घटते. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून ठेवावी. गळक्या पेट्रोल टाकीला घरी वेल्डिंग करण्याचे धाडस मात्र कधीही करू नये. रिकाम्या टाकीतील वाफही स्फोट घडवते.

सुधारणा कोठवर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत नमूद केलेल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. छप्पर कापणे, रुंद टायर बसवण्यासाठी मडगार्ड फाडणे, चॅसीत फेरफार करणे यांमुळे नूतनीकरण अडू शकते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो. इंजिन बदलणे किंवा सीएनजी किट बसवणे यांसाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी व आरसीवर नोंद आवश्यक असते. गाडीचा रंग बदलल्यासही आरसीवरील नोंद बदलून घ्यावी लागते. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणीही करावी लागते.

मूळ रचनेला धक्का न लावता करता येण्याजोग्या सुधारणाही पुष्कळ आहेत. पद्मिनीत पॉइंट-कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि डायनेमोऐवजी अल्टरनेटर बसवल्यास सकाळी गाडी सुरू होण्याची चिंता मिटते. हेडलाइटला रिले जोडल्यास तेवढ्याच क्षमतेचे बल्ब अधिक उजळ दिसतात आणि जुन्या स्विचवरचा भार कमी होतो. अधिक वॅटचे बल्ब घालून वायरी तापवण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि सुरक्षित आहे. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग चिकटपट्टीने जोडत बसू नये. योग्य फ्यूजसह नवा संच घालावा. जुन्या गाडीत सीटबेल्ट नसतील, तर ते मजबूत जागी बसवून घ्यावेत. संपूर्ण यादीत माणसाचा जीव थेट वाचवणारी ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली मोटार मात्र वेगळ्या वर्गात मोडते. जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नवी नोंदणी २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी करता येते. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. रोज वापरण्याच्या मोटारीसाठी हा मार्ग उपयोगाचा नाही.

अंगणातली दक्षता

घरी काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. सपाट, पक्क्या जागी स्टँड लावावेत आणि काढलेले चाक कडेला चॅसीखाली सरकवून ठेवावे. विजेचे काम करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काळे झालेले तेल नालीत किंवा मातीत ओतू नये. ज्या भागात घरोघर बोअरचे पाणी प्यायले जाते, तेथे हे तेल मुरणे म्हणजे स्वतःच्याच पाण्यात विष कालवणे होय. ते डब्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्यांकडे जाईल, असे पाहावे.

शंभर रुपयांची वाटणी

खर्चाचा अंदाज बांधताना एक ढोबळ सूत्र उपयोगी पडते. कागदपत्रांचा खर्च बाजूला काढून उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांतील ३५ ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनवर, २० पत्र्यावर, २० इंजिन व कूलिंगवर, १० वायरिंगवर खर्च करावेत. अनपेक्षित बिघाडासाठी १० राखून ठेवावेत आणि रंग व सजावटीसाठी उरलेल्या पाचांवर भागवावे. रंग जुना राहिला तरी बिघडत नाही. पॉलिश केलेला मूळ रंग स्वस्त नव्या रंगापेक्षा अधिक शोभतो आणि पुढे कधीही रंग देता येतो.

काम संपले की लगेच लांबचा प्रवास करू नये. पहिले काही दिवस शहरातच, मग लातूरहून औसा किंवा नांदेडहून लोहा असा पल्ला गाठावा. परतल्यावर चाके हाताला तापलेली लागतात का, तेल-पाणी गळते का, हे पाहावे. नांदेड ते लातूर हा लोहा-अहमदपूर-चाकूरमार्गे जाणारा प्रवास त्यानंतरच करावा.

आणि मुख्य पत्राच कुजला असेल, कागद सापडत नसतील किंवा खर्च त्याच तोडीच्या सुस्थितीतील जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जात असेल, तर मोटार नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्राकडे देऊन ठेव प्रमाणपत्र घेणेच शहाणपणाचे. गाडी भंगारात दिल्यावर तिची नोंदणी रद्द झाल्याचीही खात्री करावी. जुनी मोटार वाचवणे हे कौतुकाचे काम खरे; पण ती वाचवण्याची किंमत तिच्यात बसणाऱ्यांनी मोजायची नसते.