सांगली (शहर)

सांगली हे महाराष्ट्रातील कृष्णा नदीच्या काठी वसलेले शहर व जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. हळदीची बाजारपेठ म्हणून ते देशभर ओळखले जाते.

इतिहास

पूर्वी हे मिरज जहागिरीतील एक लहान गाव होते. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही आपल्या संस्थानाची राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक येथे सादर केले. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. दक्षिण सातारा जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले.

अर्थव्यवस्था

येथे स्थानिक हळदीबरोबरच कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण येथूनही माल येतो. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची परंपरा आहे. पेवाचे तोंड बंद केल्यावर आत हवा खेळत नाही. त्यामुळे कीड लागत नाही. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. स्वातंत्र्यानंतर वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यामुळे परिसरातील ऊसशेतीला बळ मिळाले.

महापूर

नदीकाठ हा शहराच्या समृद्धीचा आधार, तसाच संकटाचाही. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून साठवलेल्या हळदीचे मोठे नुकसान झाले आणि अनेक पेवे निकामी झाली. त्यानंतर साठवणुकीसाठी गोदामे व शीतगृहे यांचा वापर वाढला. 2019 मध्ये बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग पुन्हा पाण्याखाली गेला.