मेनकाबाई आणि खंडाळ्याची नृत्यशाळा

कवीचे काव्य पोथीत राहते, शिल्पकाराची मूर्ती पाषाणात राहते. परंतु नर्तकीचे पाय थांबले की तिचे नृत्यही संपले. मग तिच्यामागे उरते ते काय? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांस मादाम मेनका यांचे चरित्र हटकून आठवते.

लीला रॉय हे त्यांचे माहेरचे नाव. १८९९ साली बंगालमधील बारिसाल येथे त्यांचा जन्म झाला. पती डॉ. साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होत. अशा प्रतिष्ठित घरच्या स्त्रीने पायांत घुंगरू बांधून रंगमंचावर उभे राहावे, हे त्या काळी सामान्य धैर्याचे काम नव्हते. पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज यांच्यापाशी त्यांनी कथ्थक आत्मसात केले. आणि एकटीने नाचावयाच्या त्या कलेस अनेक नर्तकांच्या नृत्यनाट्याचे रूप दिले. ‘देवविजय’, ‘मेनका लास्यम्’, ‘मालविकाग्निमित्र’ ही त्या उद्योगाची फळे होत.

१९३६ ते १९३८ या काळात त्यांचे पथक युरोपभर हिंडले. बर्लिन येथील १९३६ च्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवात त्यांचा गौरव झाला. जर्मन दिग्दर्शक रिचर्ड आयखबर्ग यांच्या ‘डेर टिगर फॉन एश्नापूर’ या १९३८ च्या चित्रपटातही हे पथक दिसले. पण गंमत पाहा! त्या काल्पनिक हिंदी संस्थानाच्या कथेत प्रमुख नर्तकीची भूमिका मिळाली ती ला याना या युरोपीय नटीस. खऱ्या हिंदी नृत्याच्या वाट्यास आली ती केवळ शोभेची जागा. पडद्याने मेनकाबाईंची छबी राखली, विद्या नव्हे.

ती विद्या राखली बोरघाटाच्या माथ्यावर, खंडाळ्यास. युरोपातून परतल्यावर तेथे त्यांनी ‘नृत्यालयम्’ ही शाळा चालविली. तेथे शिकलेल्या शिरीन वजिफदार यांनी पुढे आपल्या खुर्शीद व रोशन या बहिणींस तयार केले. मेनकाबाईंच्याच घरी वाढलेल्या मुंबईच्या दमयंती जोशी यांनी कथ्थक पुन्हा एकटीच्या बळावर रंगमंचावर मांडले. १९७० साली त्यांस पद्मश्री मिळाली. मेनकाबाई १९४७ सालीच निवर्तल्या होत्या. दमयंतीबाई २००४ पर्यंत होत्या. गुरूच्या आयुष्यात जी वर्षे कमी पडली, ती शिष्येने अशी भरून काढली.

तथापि एक ऋण येथे नोंदविलेच पाहिजे. कुलीन स्त्रियांस हे दार उघडण्यापूर्वी ही कला गुरुघराण्यांइतकीच तवायफांनीही जतन केली होती. नृत्यास प्रतिष्ठा आली, पण त्या स्त्रियांस ती लाभली नाही; बहुतेकींची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. आज आपल्या कन्येस कथ्थकच्या वर्गास निःसंकोच धाडणाऱ्या मातापित्यांनी मेनकाबाईंचे स्मरण तर करावेच. पण त्या अनाम नर्तकींसही विसरू नये, एवढेच आमचे मागणे आहे.