काळ्या मातीतील अमोनिया आणि अवरक्त किरणांची साक्ष

परभणी जिल्ह्यातील गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील जमीन मोठ्या प्रमाणावर काळी आणि भारी आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइटसारखी स्मेक्टाइट गटातील खनिजे विपुल असतात. सिलिकॉन व अॅल्युमिनियम यांचे ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेले अतिसूक्ष्म थर या खनिजांत एकावर एक रचलेले असतात. पाणी शिरले की थर दूर सरकून माती फुगते. ते आटले की जमिनीला भेगा पडतात.

शेतात टाकलेल्या युरियाचे भवितव्य काही अंशी याच थरांवर ठरते. मातीतील युरिएज या विकरामुळे युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. तो मातीने धरला तर पिकाला नत्र मिळते. न धरला तर शेतकऱ्याचा पैसा हवेत उडून जातो. मग माती अमोनिया नेमका कसा धरते?

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहण्याच्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. रेणू किती चिकटले, हे वजनावरून कळते. पण ते कोणत्या रूपात चिकटले, हे वजन सांगत नाही. ते सांगते अवरक्त वर्णपटविज्ञान. रेणूतील अणूंमधील बंध ठरावीक कंप्रतेने कंप पावतात आणि त्याच कंप्रतेचे अवरक्त प्रारण शोषून घेतात. पृष्ठभागाशी जडलेल्या रेणूचे बंध ताणले वा सैलावले गेले, की शोषणाचे पट्टे सरकतात किंवा नवे पट्टे उमटतात. प्रयोगात खनिजाची पातळ चकती वा पापुद्रा निर्वात कोठडीत ठेवतात, तापवून त्यातील पाणी घालवतात आणि मग वायू आत सोडतात. आधीच्या व नंतरच्या वर्णपटांतील फरक हीच पृष्ठभागाची साक्ष होय. अमेरिकेत आयशेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये या पद्धतीने धातूंच्या कणांवरील कार्बन मोनॉक्साइडचा अभ्यास केला. त्यानंतर उत्प्रेरकांच्या संशोधनात तिचा झपाट्याने प्रसार झाला.

मॉन्टमोरिलोनाइटवरील अमोनियाची अशी पाहणी मॉर्टलँड, फ्रिपिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. धातूच्या आयनाला अमोनियाचा रेणू तसाच जोडला गेला, तर १६२० प्रतिसेंटिमीटर या तरंगसंख्येजवळ पट्टा दिसतो. त्याने प्रोटॉन स्वीकारून तो अमोनियम आयन झाला, तर १४३० च्या आसपास पट्टा उमटतो. मॉन्टमोरिलोनाइटवर अमोनियमचा पट्टा आढळला. हा प्रोटॉन थरांमधील उरल्यासुरल्या पाण्याकडून येतो. धन आयनांच्या ओढीमुळे हे पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक आम्लधर्मी बनते आणि थरांतील पाणी जितके कमी, तितकी ही आम्लता तीव्र.

शेतातील परिस्थिती मात्र प्रयोगशाळेसारखी नसते. तेथे ओलावा भरपूर असल्याने ही आम्लता सौम्य होते. शिवाय काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असतात. पाण्यातील अमोनिया आणि अमोनियम यांचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७.२५ असताना सुमारे एक टक्का भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, सामू ८.२५ झाला की तो सुमारे नऊ टक्क्यांवर जातो. युरियाच्या विघटनामुळे दाण्याभोवतीचा सामू काही काळ आणखी चढतो. म्हणूनच जमिनीवर नुसता फेकलेला युरिया वाया जाण्याचा धोका मोठा असतो. तो मातीआड केल्यास किंवा पाण्याबरोबर खाली उतरल्यास अमोनियाला वाटेत खनिजांचे थर भेटतात, तो अमोनियम होतो आणि ऋण विद्युतभार असलेले थर त्याला धरून ठेवतात.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव लाभलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरातील शेतीला हा तपशील लागू पडतो. काळ्या मातीत नत्र धरण्याची क्षमता आहे. खत तिच्या थरांपर्यंत पोहोचवणे एवढे मात्र शेतकऱ्याच्या हाती आहे.